फॅन फिक्शन ही चोरी की लेखनाची शाळा?

परभणीची मराठी शिक्षिका (धागाकर्ती)

आमच्या परभणीत अकरावी-बारावीच्या कितीतरी मुली मोबाइलवर कथा लिहितात. पात्रं त्यांची स्वतःची नसतात. मालिकेतली, ॲनिमे म्हणजे जपानी कार्टूनमधली, आवडत्या कादंबरीतली असतात. मूळ गोष्ट जिथं थांबली तिथून ह्या पुढं नेतात. ह्यालाच फॅन फिक्शन म्हणतात. परवा एका कार्यक्रमात एका ज्येष्ठ वक्त्यांनी ह्याला सरळ चोरी म्हटलं. समोर बसलेल्या मुलींचे चेहरे मी पाहिले, म्हणून हा धागा. माझं मत स्पष्ट आहे: लिहायला शिकण्याची आज ह्याच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही.

आणि हे खूळ मोबाइलबरोबर आलेलं नाही. अमेरिकेत १९६६ ला ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळप्रवासाची टीव्ही मालिका सुरू झाली आणि १९६७ ला ‘स्पॉकॅनालिया’ हा चाहत्यांनीच काढलेला अंक निघाला. १९६९ ला मालिका बंद पडली, तरी असे अंक वाढतच गेले. सायक्लोस्टाइल करायचे, पिना मारायच्या, टपालानं पाठवायचे. किंमत खर्च निघेल एवढीच. लिहिणाऱ्या आणि संपादन करणाऱ्या बहुतेक बायका. त्या एकमेकींचे लाड करत बसल्या नाहीत. १९७३ मध्ये पॉला स्मिथ यांनी एक छोटं विडंबन लिहिलं: साडेपंधरा वर्षांची मेरी स्यू, मालिकेतल्या अंतराळ ताफ्यातली सर्वांत तरुण लेफ्टनंट, सगळ्यांत हुशार, सगळ्यांची लाडकी. नवलेखिका स्वतःलाच नायिका करून गोष्टीत घुसवतात, त्या सवयीवर हा घाव होता. आज असं पात्र दिसलं की जगभरचे वाचक त्याला ह्याच नावानं हाक मारतात. इतकी नेमकी समीक्षा आपल्या किती कविसंमेलनांत होते?

नांदेडचा जुना वाचक

ताई, इतिहास छान, पण आपल्याच मातीतला दाखला विसरलात. पैठणच्या नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. का करावी लागली? लोकांनी पाठ बिघडवले होते म्हणून. शेवटी त्यांनी बजावून ठेवलं, की ह्यात जो आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा. दुसऱ्याच्या कृतीत हात घालू नये, ही शिकवण आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वीची आहे.

पैठणकर

दादा, नाथांचंच पुढचं ऐका. भावार्थ रामायणाच्या युद्धकांडाचे ४४ अध्याय झाले आणि नाथ गेले. उरलेला ग्रंथ त्यांच्या गावबा ह्या शिष्यानं पूर्ण केला, अशी परंपरा आहे. आज पारायणाला बसलेला माणूस तो भाग वगळून उठत नाही. नाथांचा राग होता तो मूळ पोथीत गुपचूप ओवी सरकवण्यावर. ह्या पोरी मूळ पुस्तकाचं एक पानही बदलत नाहीत. आपली गोष्ट वेगळी ठेवतात आणि पात्रं कुणाची तेही वरच लिहितात.

नांदेडचा जुना वाचक

गावबाला गुरूचा आशीर्वाद होता. ह्यांना कुणी परवानगी दिली?

संभाजीनगरचा वकील

कायद्यापुरतं सांगतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पुस्तकावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, आणि त्यावरून रूपांतर करण्याचा हक्कही त्यातच येतो. शिवाय कलम ५७ आहे: आपल्या मानाला बाधा येईल अशी मोडतोड लेखक रोखू शकतो. पैसे घेत नाही म्हणजे आपोआप सुटलो, हा गैरसमज मुलींनी काढून टाकावा. खटले मात्र क्वचित होतात, कारण आपल्याच चाहत्यांवर दावा लावणं बहुतेकांना नको असतं.

धागाकर्ती

वकीलसाहेब, मान्य. परवानगीबद्दल दोन गोष्टी सांगते. अमेरिकन कादंबरीकार ॲन राइस यांनी २००० मध्ये आपल्या पात्रांवर कथा नकोत असं जाहीर केलं, तेव्हा फॅनफिक्शन डॉट नेट ह्या चाहत्यांच्या कथांच्या संकेतस्थळानं त्या कथा काढून टाकल्या. आणि २००७ मध्ये एका कंपनीनं ह्या लेखनातून पैसा काढायचं ठरवलं, तेव्हा चाहत्या स्त्रियांनी विरोध केला आणि स्वतःची ना-नफा संस्था उभारली. तिचं ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ हे संकेतस्थळ २००९ ला सर्वांसाठी खुलं झालं, २०१९ ला त्याला विज्ञानकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. चोरांची टोळी अशी वागते का?

वसमतची लेखिका, बी.ए. दुसरं वर्ष

मी लिहिते. लोकांना वाटतं आम्ही वेळ घालवायलोत. एक भाग टाकला की रात्रीतून प्रतिक्रिया येतात, पुढचा भाग कधी म्हणून. मग थांबताच येत नाही. टाकण्याआधी माझी मैत्रीण वाचते, आम्ही तिला बीटा म्हणतो. हे पात्र असं बोलणारच नाही, हे ती तोंडावर सांगते. आवाज सांभाळणं मी त्यातून शिकले. वर्गात निबंधाला दहापैकी सात मिळायचे, सात का ते कुणी सांगितलं नाही.

गंगाखेडची सून

माझ्या सासूबाई जात्यावर ओव्या म्हणायच्या. त्यात विठ्ठल आमच्या जनाबाईच्या घरी येतो, तिच्यासंगं दळतो, गोवऱ्या वेचतो. दर घरातली बाई त्यात आपलं दोन ओळींचं भर घालायची. जनी रुसली तर, जनीला ताप आला तर. देव सगळ्यांचा म्हणून कुणी विचारलं नाही, हे खरं. पण आवडत्या माणसाला आपल्या घरात आणून बसवायची ही ओढ तीच आहे.

अंबाजोगाईचा

सगळं मान्य करूनही माझा विरोध आहे, आणि तो कायद्याचा नाही. ह्या मुलींच्या कथा टोकियोच्या शाळेत घडतात. बर्फ पडतो, चेरी फुलते. इथं दिवाळी झाली की बीडची अर्धी गावं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, मागं म्हातारी आणि पोरं राहतात. टँकरची वाट बघणारी मुलगी कुणाच्या कथेत आहे? आपल्या माणसांवर लिहिणारे आधीच कमी. त्यातलं बळ परक्या पात्रांवर खर्च झालं तर आपलं कोण लिहिणार?

वसमतची लेखिका

काका, माझी आई तोडीला जायची. त्यावर लिहायला बसले की हात थांबतो. दुसऱ्याच्या पात्राच्या तोंडून ते मला लिहिता आलं: त्या कथेतला मुलगा आईला सहा महिने भेटत नाही. वाचणाऱ्यांना ऊस दिसला नसेल, पण ते लिहिताना माझ्या डोळ्यांपुढं आमचं घर होतं.

अंबाजोगाईचा

बेटा, मग ऊस का लपवला? तेच आईच्या नावानं लिही. लिहिलंस की इथं टाक, मी पहिला वाचीन. तोवर माझं मत तेच राहील.