पुनरुक्ती म्हणजे मुद्दे संपल्याची खूण?
वक्ता तेच वाक्य घोळवू लागला की त्याचे मुद्दे संपले, हे मत मला अजिबात पटत नाही. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांचं २८ ऑगस्ट १९६३ चं वॉशिंग्टनमधलं भाषण ऐका. आधी ते ठणकावून सांगतात, कृष्णवर्णीयांना देशाने दिलेला समान हक्कांचा चेक वटलाच नाही. मग पुन्हा पुन्हा येतं ते ‘माझं एक स्वप्न आहे’ हे वाक्य, आणि तो भाग लिहून आणलेल्या मजकुरात नव्हताच! गायिका महालिया जॅक्सन यांनी मागून ओरडून त्या स्वप्नाची आठवण करून दिली म्हणतात. वाक्य तेच, पण दरवेळी नवं चित्र: जॉर्जिया राज्यातल्या लाल टेकड्या, अन्यायात होरपळणारं मिसिसिपी राज्य, स्वतःची चार मुलं. आजचे बरेच प्रेरणादायी वक्ते घोषणा तेवढी घोकतात. अशी चित्रं त्यांच्याकडे क्वचितच सापडतात.