जनुक बदलून धावपटू घडवता येईल का?

सह्यकडा : माझा पुतण्या पाच हजार मीटर धावतो आणि जिल्हा स्पर्धेत दोनदा चौथा आला आहे. परवा मैदानावर एका गृहस्थांनी त्याला सांगितले की, काही वर्षांनी एक इंजेक्शन घेतले की रक्तच बदलेल, मग पहाटे चारला उठून घाम गाळायची गरज उरणार नाही. पुरावा म्हणून त्यांनी फिनलंडच्या एरो मँटिरांटाचे नाव घेतले. १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये स्कीइंगची दोन सुवर्णपदके मिळवणाऱ्या या माणसाच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी जन्मतःच जास्त होत्या, हे मी वाचून पडताळले. मग जे त्याला वारशाने मिळाले, ते दुसऱ्याने प्रयोगशाळेतून घेतले तर ती लबाडी का? आणि मुळात ते घेता येते का?

काचपट्टी : मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. तांबड्या पेशी वाढवण्याचा निरोप मूत्रपिंडाकडून एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकामार्फत हाडांतील मज्जेला जातो. मँटिरांटाच्या घराण्यात या संप्रेरकाचा निरोप घेणाऱ्या ग्राहीचे शेपूट तोकडे होते, आणि निरोप थांबवण्याची सोय नेमकी त्याच शेपटात असते. हे संशोधन १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. इंजेक्शनची गोष्ट वेगळी आहे. एरिथ्रोपोएटिनचे जादा जनुक विषाणूमार्फत माकडांच्या शरीरात घातले, तेव्हा काहींचे रक्त इतके दाट झाले की ते काढून टाकावे लागले, आणि काहींच्या शरीराने स्वतःच्याच संप्रेरकावर हल्ला चढवल्यामुळे त्यांना उलट तीव्र पंडुरोग झाला. गोळी बंद करता येते. एकदा पेशीत शिरलेले जनुक असे सहज बंद करता येत नाही. तांबड्या पेशी फार वाढलेल्या रुग्णाचे रक्त काचपट्टीवर पसरताना थर आखूड आणि जाड येतो, पट्टीचा कोन कमी करावा लागतो. तेच रक्त रात्री झोपेत, नाडी मंदावलेली असताना, बारीक वाहिन्यांतून ढकलण्याचे काम हृदयाला करायचे असते. उंचावरच्या विरळ हवेत माणसाच्या तांबड्या पेशी एरवी वाढतात. तिबेटी लोक अशा उंचीवर पिढ्यान्पिढ्या राहतात, पण त्यांच्यातील जनुकीय बदलामुळे तिथे त्यांचे हिमोग्लोबिन फारसे चढत नाही, हेही त्या गृहस्थांना सांगावे.

उभाआडवा : लबाडीबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. जन्मजात फरक खेळात असतातच. सव्वासहा फूट उंचीच्या मुलाला बास्केटबॉलमधून कोणी बाहेर काढत नाही. आक्षेप आहे तो निरोगी तरुणाच्या जिवाशी केलेल्या खेळाला. १९९९ मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा मुलगा जनुकोपचाराच्या चाचणीत दगावला, आणि त्याला निदान यकृताचा आजार तरी होता. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावरील जनुकसंपादनाच्या उपचाराला २०२३ मध्ये ब्रिटनने मान्यता दिली. गडचिरोली-नंदुरबारकडच्या रुग्णाने असा धोका पत्करला तर मी समजू शकतो, पण काही सेकंदांसाठी नाही. उत्तेजकविरोधी जागतिक संस्था ‘वाडा’ने २००३ पासून जनुकीय डोपिंगवर बंदी घातली आहे. ते पकडता येत नाही, हाही गैरसमज आहे : आपल्या मूळ जनुकात मधेमधे असे तुकडे असतात जे प्रथिन बनताना गाळले जातात, विषाणूत जागा अपुरी असल्याने घुसवलेल्या जनुकातून ते आधीच काढलेले असतात, आणि रक्तात असे मधले तुकडे नसलेले जनुक सापडले की चोरी उघड होते.

काचपट्टी : जोडून एक सुचवतो. पुतण्याचे हिमोग्लोबिन कधी तपासले आहे का? लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये लोहाची कमतरता पुष्कळदा आढळते.

सह्यकडा : आपणा दोघांचा आभारी आहे. काल तपासणी केली, हिमोग्लोबिन ११.४ आले. शरीरातील लोहाचा साठा दाखवणाऱ्या फेरिटिनची तपासणी उद्या उपाशीपोटीच करावी लागेल का, एवढे कृपया सांगावे.