कालयंत्राचा सेट आणि नटाच्या हाताखालचा खटका

आपल्याकडच्या मालिकांतील कालयंत्र केवळ पैशांअभावी खोटे वाटते, हे मत मला पटत नाही. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या कालप्रवासावरील विज्ञानमालिकेचे १९६३ सालचे भाग तुटपुंज्या खर्चातच चित्रित झाले होते, तरीही पीटर ब्राचाकी यांनी रचलेल्या सेटमधील षट्कोनी नियंत्रण-मेजाच्या मधोमध तो पारदर्शक स्तंभ वरखाली होऊ लागला, की यंत्र सुरू झाल्याचे प्रेक्षकाला लगेच कळत असे. शीर्षकातील वाहते प्रकाशाकार कॅमेरा त्याचेच चित्र दाखवणाऱ्या मॉनिटरकडे रोखून मिळवलेले होते, आणि यंत्राच्या आवाजासाठी ध्वनिकार ब्रायन हॉजसन यांनी पियानोच्या तारांवर किल्ली घासली होती. मला तर ही किल्ली साऱ्या सेटपेक्षा मोठी कामगिरी वाटते. गोरेगावच्या चित्रनगरीत नुसत्या हिरव्या पडद्यासमोर उभ्या केलेल्या नटाला मात्र ओढायला एक खटकाही नसतो. नजर कुठे ठेवावी हे त्याला उमगत नाही, आणि यंत्राचा झगमगाट नंतर संगणकावर घातला जात असल्याने त्याचा उजेड नटाच्या चेहऱ्यावर सहसा पडलेला दिसत नाही. म्हणून निदान नियंत्रण-मेज खरे बांधावे, त्यातले दिवे खरोखर उघडझाप करणारे असावेत, आणि व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावर घातलेले दृश्यपरिणाम, खिडकीबाहेरच्या दृश्यापुरते ठेवावेत.