व्हॅक्यूमच्या मोटरवर फ्लो बेंच म्हणजे पोरखेळ? मग हे वाचा

शिरोलीकर
काल पल्सरच्या हेडवर बोलणं चाललं होतं तिथे एकाने लिहिलं, "व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवरचा फ्लो बेंच म्हणजे पोरखेळ. थ्री फेज ब्लोअर आणि व्हीएफडी नसेल तर सीएफएमचे आकडे सांगूच नका, आपल्याकडचं व्होल्टेज कसं नाचतं माहितीये ना." वाचून डोकंच फिरलं. नवख्यांसाठी: फ्लो बेंच म्हणजे इंजिनाच्या हेडमधून हवा ओढून ती किती जाते ते मोजायचं यंत्र, सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, आणि व्हीएफडी म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह. माझा बेंच चार वर्षं चालतोय, प्लायचा डबा, खाली 1200 वॅटच्या तीन मोटरी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ताकद बघा. सीएफएम गुणिले पाण्याचे इंच (ओढीचं प्रेशर, नळीत पाणी जितकं चढतं तितके इंच), भागिले 6356, की हवेला लागणारे एचपी निघाले. 28 इंचाला 100 सीएफएम ओढायला 0.44 एचपी, म्हणजे साधारण 330 वॅट. मोटर-पंख्याने पस्तीस-चाळीस टक्केच काम केलं तरी हजार वॅटच्या आत भागतं. दीडशे सीसीच्या हेडला याच्यावर लागतं कुठे?

आता व्होल्टेज. हवा आधी हेडमधून जाते, मग ऑरिफिसमधून, म्हणजे ठराविक मापाच्या भोकातून, तीच हवा. दोन्हीकडचं प्रेशर प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलतं. मोटर हळू झाली की दोन्ही एकाच प्रमाणात उतरतात, गुणोत्तर तेच राहतं, आणि सीएफएम त्या गुणोत्तरावरूनच काढतो. म्हणजे 230 चे 205 झाले तरी माझा आकडा खोटा होत नाही. हे समजून न घेता पोरखेळ म्हणायचं?

तीनफेज_इचलकरंजी
ते मीच लिहिलं होतं आणि शब्द मागे घेत नाही. गुणोत्तराचं कागदावर बरोबर आहे. पण तुझा हेडकडचा मॅनोमीटर (प्रेशर दाखवणारी पाण्याची नळी) उभा आणि ऑरिफिसचा तिरका, हो ना? तिरक्यातलं पाणी सावकाश सरकतं. व्होल्टेज हललं की उभा लगेच उतरतो आणि तिरका मागून येतो, तू दोन्ही वाचतोस ते वेगवेगळ्या क्षणांचे आकडे. संध्याकाळी शेतीचे पंप चालू झाले की एकाच वाल्व्ह लिफ्टला (वाल्व्ह किती उघडलाय त्या मापाला) तीन वेळा तीन आकडे येतात हे मी स्वतः भोगलंय. आमच्याकडे लूममुळे थ्री फेज दारात होतं, ब्लोअर बसवला, व्हीएफडीवर 28 इंच धरून ठेवतो, काटा हलत नाही.

मिरजेचा_मेकॅनिक
दोघांनी मोटरच्या जातीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. भंगारातून घरगुती क्लीनरची मोटर काढून लावली तर त्यात ओढलेली हवाच मोटर थंड करते, कमी लिफ्टला हवा कमी जाते, मोटर तापते, कार्बन ब्रशचा वास सुटतो. माझ्या दोन मोटरी अशाच जळाल्या, दोन्ही वेळा 1 एमएम लिफ्टवर रीडिंग घेत बसलो होतो. बायपास मोटर घ्या, थंड करायचा पंखा वेगळा असलेली, जी पाणी ओढणाऱ्या मशिनला असते. आणि मोटर बंद ठेवाल तिच्या तोंडाला बूच लावा नाहीतर बाकीच्या मोटरी तिच्यातूनच उलटी हवा ओढतात आणि तुम्ही म्हणता ब्लोअर कमी पडला.

शिरोलीकर
@मिरजेचा_मेकॅनिक माझ्या बायपासच आहेत दादा, लिहायचं राहिलं. @तीनफेज_इचलकरंजी तिरक्याचं खरंय, मी अर्धा मिनिट थांबून वाचतो, पण सांभाळावं लागतं हे मान्य. आता तू सांग, तुझा ब्लोअर किती सीएफएमचा? साइड चॅनेल जातीचा ब्लोअर असेल तर तो प्रेशरसाठी बनलाय. 28 इंच म्हणजे जेमतेम 70 मिलिबार, तो त्याच्या दुप्पट-तिप्पट ओढतो पण हवा तेवढी देत नाही. कारचं हेड लावलं की तुझाच दम निघेल.

तीनफेज_इचलकरंजी
कारची हेडं मी करत नाही. आणि बेंचसाठी घरी थ्री फेज घ्यायलाच पाहिजे असंही नाही, सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा व्हीएफडी मिळतो, फक्त मोटर 230 ला डेल्टामध्ये जोडता आली पाहिजे (स्टार आणि डेल्टा या मोटरची वायंडिंग जोडायच्या दोन पद्धती). टर्मिनल बॉक्स उघडून सहा वायरी आहेत का बघा, तीनच असतील तर आतून स्टार बांधलेली आहे, ती 415 चीच. एकच कटकट, व्हीएफडी लावला की घरचा आरसीसीबी (करंट अर्थला गळला की लाइन तोडणारा स्विच) सारखा पडतो. मी काढून टाकला, तेव्हापासून शांत.

वाड्यातला
काढून टाकला? आणि इथे सगळ्यांना वाचायला लिहितोयस?

माझं ऐका. आमचा जुना वाडा, वायरिंग आजोबांच्या काळातलं, प्लगला तिसरी पिन नावापुरती. बेंच लोखंडी पिंपाचा, वरच्या प्लेटला बोल्टने हेड, खाली त्याच पिंपाला मोटर. एकदा बायपासचा वाल्व्ह (हेडला टाळून बाहेरची हवा आत सोडणारा) बंद असतानाच मोटर चालू केली. मॅनोमीटरचं पाणी, त्यात मी लाल खायचा रंग घातला होता, सरळ नळीतून वर चढलं आणि पिंपात गेलं, तिथून मोटरमध्ये. माझा डावा हात हेडवर, उजव्यात डायल गेज. हात सुटेना. आईने मेन स्विच पाडला म्हणून आज लिहितोय. एमसीबी तसाच उभा होता, तो लोड जास्त झाला तर पडतो, माणसातून करंट गेला तर नाही. त्याला 30 मिलिअँपचा आरसीसीबीच लागतो.

मिरजेचा_मेकॅनिक
बाप रे. म्हणून नळीला मध्ये रिकामी बाटली लावायची, पाणी तिच्यात पडतं. आणि मोटर चालू करताना बायपास उघडाच ठेवायचा. पण अर्थिंगचं खरं दुखणं वेगळंय, माझ्या शेडमध्ये वायरमनने अर्थ म्हणून न्यूट्रलच जोडून दिला होता आणि वर पैसे पूर्ण घेतले.

तीनफेज_इचलकरंजी
वाईट झालं, पण तुझ्याकडे अर्थिंगच नव्हतं. माझ्याकडे वेगळा खड्डा आहे, तांब्याची प्लेट आहे. वाड्याची गोष्ट सांगून मला कशाला झोडता? दर दहा मिनिटाला अख्ख्या घराची लाइट गेली तर घरातले बेंच उचलून रस्त्यावर टाकतील.

वाड्यातला
तांब्याची प्लेट मीही नंतर पुरली. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की तिचा उपयोग किती राहतो ते अर्थिंग मोजणाऱ्या मेगरवाल्याला विचार. तुझ्या घरात लहान मुलं आहेत, तूच मागे फोटो टाकला होतास, बेंचशेजारी तिचाकी सायकल होती.

शिरोलीकर
भांडू नका. व्हीएफडीतला फिल्टर थोडा करंट अर्थला सोडतोच, त्याने पडतो तो. बेंचला बोर्डपासून वेगळी लाइन ओढ, 2.5 स्क्वेअर एमएम वायरची, त्यावर स्वतंत्र आरसीसीबी, आणि कुठल्या टाइपचा चालतो ते व्हीएफडीच्या मॅन्युअलमध्ये बघ. मोटरपर्यंतची केबल आखूड कर, व्हीएफडीची कॅरिअर फ्रिक्वेन्सी (आतल्या स्विचिंगचा वेग) खाली आण. पडला तरी घराची लाइट जाणार नाही. माझ्या तीन मोटरी मिळून 16 अँपियरच्या काठावर जातात, मीसुद्धा दोन लाइनी केल्यात आणि एकेक करून चालू करतो.

तीनफेज_इचलकरंजी
केबल सहा मीटर आहे. ती आखूड करता येईल. लाइनचं रविवारी बघतो, पण हे तू बेंचवरून हरलास म्हणून विषय बदलला असं समजू नको.

शिरोलीकर
हरलो कुठे? धारदार कडेची 25 एमएम भोकाची प्लेट लेथवर काढून घेतो, माझ्या बेंचवर 28 इंचाला मोजतो आणि तीच प्लेट घेऊन तुझ्याकडे येतो. 10 इंचाला मोजून तो आकडा 28 चा करायला 1.67 ने गुणायचं नाही, दोघांनी 28 लाच. हेड नको, वाल्व्ह सीटवर बसतो की नाही तिथून पुन्हा वाद होईल.

तीनफेज_इचलकरंजी
ये. सकाळी ये, संध्याकाळच्या व्होल्टेजचं कारण मला ऐकायचं नाही.

वाड्यातला
आरसीसीबी बसल्याशिवाय त्याच्या बेंचच्या प्लेटला हात लावू नकोस.