पाळी गेली, पण खाली कोरडं पडून आग होते. हे असंच राहतं का?

मिरजेची_सून:
वय ५१. पाळी जाऊन तीन वर्षं झाली. अंगातून गरम वाफा यायच्या त्या थांबल्या, पण दिवाळीपासून खाली कोरडं पडलंय. स्कूटरवर बसलं की सलवारची शिवण घासते, लघवी झाली की चुरचुरतं. दोनदा लघवी तपासली, जंतू निघाले नाहीत. म्हणून रोज मगभर पाण्यात जंतुनाशकाचं टोपण घालून धुते, तरी आग वाढतेच. संबंध तर नकोसेच झालेत. यांना वाटतं माझं मन उडालं. तसं नाहीये हो.

वैजूमावशी:
अगं, ते जंतुनाशक आजच बंद कर! साबण, सुगंधी वॉशसुद्धा आत नको. पाळी गेली की इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन घटतं, योनीचं अस्तर पातळ होतं, ओल कमी होते. तिथली आम्लता राखणारे चांगले जिवाणूही घटतात. वाफा बहुतेकींच्या ओसरतात, हे मात्र उपचाराशिवाय सहसा जात नाही. ‘वयच झालं’ म्हणत मी चार वर्षं काढली, त्याचं अजून वाईट वाटतं. मला डॉक्टरांनी इस्ट्रोजेनचं क्रीम दिलं, दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. सोबत रेघा असलेली प्लास्टिकची पिचकारी होती. पहिल्या रात्री चष्मा लावून, दिव्याखाली धरून रेघ बघितली. महिना-दीड महिन्याने एकदा रिक्षातून उतरले आणि लक्षात आलं, आज कुठे दुखलं नाही.

निवृत्त_सिस्टर:
क्रीम डॉक्टरांनी दिलं तरच. ते रक्तात फार कमी उतरतं, तरी स्तनाचा कॅन्सर होऊन गेला असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना आधी विचारा. हार्मोन नको असेल तर योनीसाठीचं मॉइश्चरायझर आठवड्यातून दोन-तीनदा, आणि संबंधाच्या वेळी पाण्याच्या बेसचं ल्युब्रिकंट. मेडिकलमध्ये मिळतं. शुगरही तपासून घ्या. आणि पाळी गेल्यावर रक्ताचा एक डाग दिसला तरी लगेच दाखवा, थांबू नका.

मिरजेची_सून:
जंतुनाशक सोडून आठ दिवस झाले, चुरचुर निम्मी झाली. मावशींचं उत्तर यांना वाचायला दिलं. मंगळवारी दोघं जातोय डॉक्टरांकडे. मावशी, पिचकारी दर वेळी नवी लागते का?

वैजूमावशी:
माझी कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन परत वापरायची होती. तुझ्या खोक्यातला कागद वाच, नाहीतर मंगळवारी त्यांनाच विचार.