मदत हवी आहे: शुभवर्तमानं (गॉस्पेल्स, बायबलमधल्या येशूच्या चरित्रकथा) रोमच्या दरबारात लिहिली गेली?

फ्लेवियन थिअरी वाचतेय, म्हणजे व्हेस्पासियन आणि टायटस या फ्लेवियन घराण्यातल्या रोमन सम्राट बापलेकांच्या माणसांनी बंडखोर ज्यूंना थंड करायला शांतिप्रिय मसीहाची गोष्ट रचली असा दावा. जोसीफस या पहिल्या शतकातल्या ज्यू इतिहासकाराचं ज्यू-रोमन युद्धाचं वर्णन भाषांतरातून वाचलं, गालील सरोवरात पोहणाऱ्या ज्यूंना रोमन सैनिक मारतात तो प्रसंग आणि 'माणसं धरणारे' हे येशूचं वाक्य यांचा जोडलेला संबंध मला तरी ओढूनताणून वाटला. रोमन इतिहासकार टॅसिटस पण पाहिला, तो तर इ.स. 64 च्या रोममधल्या आगीनंतर सम्राट नीरोने ख्रिश्चनांना छळल्याचं सांगतो, म्हणजे ख्रिश्चन व्हेस्पासियनच्या आधीपासूनच होते. श्रद्धेचा वाद नकोय प्लीज, फक्त इतिहास, आणि ग्रीक येत नाही, मराठी-इंग्रजी चालेल. सुरुवातीचा ख्रिश्चन प्रचारक पॉल याची बायबलमधली पत्रं इ.स. 50 च्या दशकातली आणि व्हेस्पासियन सम्राट झाला 69 मध्ये, मग या थिअरीवाले पत्रांचं काय करतात, तारखाच नाकारतात की फक्त शुभवर्तमानांपुरतंच बोलतात?