आईच्या एका कमेंटवरून शिवीगाळ, रात्रीचे फोन, नको ती पार्सलं. तक्रार नेमकी कशी करावी?

नमस्कार. एरवी मी वाचनमात्र असतो. आज घाईत लिहितोय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका, वय ६४. सातारा जिल्ह्यात एकटी राहते, मी पुण्यात. पहिलीपासून हिंदी शिकवण्याचा सरकारचा १६ एप्रिल २०२५ चा जीआर आला, तेव्हा तिने चार पानी पत्र हाताने लिहून मंत्रालयात पाठवलं होतं. २९ जूनला सरकारने माघार घेतल्यावर आळीत पेढे वाटले. हे मुद्दाम सांगतोय, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मग मीरा रोडचा व्हिडिओ आला, मराठीवरून दुकानदाराला थोबाडीत मारल्याचा. गावच्या फेसबुक ग्रुपवर त्याखाली आईने लिहिलं, "इथे धंदा करायचा तर मराठी यायलाच हवी, त्या माणसाचं चुकलं. पण थोबाडीत मारून भाषा शिकवता येत असती, तर मी ३४ वर्षं खडू कशाला झिजवला असता?"

झालं. कुणीतरी पहिलं वाक्य कापलं, दुसरं ठेवलं आणि वर लिहिलं, "पेन्शन महाराष्ट्राची, पुळका परप्रांतीयांचा." ५ जुलैला ठाकरे बंधूंचा वरळीचा मेळावा होता, वातावरण आधीच तापलेलं. त्या दिवशी तो स्क्रीनशॉट कुठल्या कुठे पोचला. आईच्या जुन्या फोटोत शिकवणीची पाटी होती, तिच्यावरचा नंबर कुणीतरी उचलला. पहिल्या रात्री ६१ मिस्ड कॉल. मेसेज इथे लिहिण्यासारखे नाहीत. चौसष्ट वर्षांच्या बाईला बलात्काराच्या धमक्या देणारे आपण मराठी वाचवतोय म्हणतात, आणि त्यातल्या निम्म्यांचं शुद्धलेखन बघून आईला जास्त त्रास होतो. (हे ती स्वतः म्हणाली, म्हणून लिहिलं.) कॅश ऑन डिलिव्हरीची पाच पार्सलं आली. एकात मोठ्यांचे डायपर.

त्यावर कडी म्हणजे एका हिंदी अकाउंटने तोच कापलेला स्क्रीनशॉट "मराठी शिक्षिकेनेच यांना उघडं पाडलं" म्हणून फिरवला. तिथे तिची वाहवा चालू आहे. आई त्या वाहवेवर जास्त भडकली आहे.

पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार नीट बोलले, आईला खुर्ची दिली, पण एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेऊन परत पाठवलं. "बाई, कमेंट काढून टाका, आठ दिवसांत लोक विसरतील." आई काढायला तयार नाही, मला वाटतं काढावी. यावरून आमच्यात दोन दिवस अबोला आहे.

अडचण अशी, की एनसीवर काहीच होत नाही का? पुरावा म्हणून स्क्रीनशॉट पुरतात का? आणि सगळ्यात अवघड म्हणजे शिव्या देणाऱ्यांत एक मुलगा आईच्या हाताखाली चौथीला होता. शिष्यवृत्ती परीक्षेची त्याची फी तिने भरली होती. त्याचं नाव तक्रारीत नको म्हणते. तसं करता येतं का?

कोर्टकचेरी: आधी एक काम करा. काहीही डिलीट करू नका, आईंची मूळ कमेंटही नाही. ती पूर्ण कमेंट हाच तुमचा बचाव आहे. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही. प्रत्येक पोस्टची लिंक, प्रोफाइलची लिंक, तारीख, वेळ वहीत उतरवा. फोन बदलू नका, फॉरमॅट करू नका. पुढे कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात ते कुठल्या उपकरणावरून घेतलं हे लिहावं लागतं.

कुणी सांगेल आयटी कायद्याचं ६६अ लावा. ते कलम सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. आणि बरंच झालं. २०१२ च्या नोव्हेंबरात बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या दोन मुलींना अटक झाली होती, त्यानंतरच ते प्रकरण कोर्टात गेलं. आज ते कलम असतं तर तुमच्या आईंवरच कुणीतरी लावलं असतं.

एनसीत मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. पण लैंगिक शिवीगाळ आणि तसल्या धमक्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ लागू शकतं आणि ते दखलपात्र आहे. पुन्हा पुन्हा फोन-मेसेज करणाऱ्यांसाठी ७८ बघा. निनावी धमकीला ३५१(४). तेव्हा अर्जात "माझी बदनामी झाली" हे वर लिहू नका, बदनामीसाठी पोलीस तुम्हाला कोर्टाची वाट दाखवतील. सर्वांत घाणेरडे तीन मेसेज शब्दशः वर लिहा. लाज वाटते म्हणून लोक "अश्लील भाषा वापरली" एवढंच लिहितात आणि तिथेच तक्रार पातळ होते. तरी ठाण्यात घेतलं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली एसपींना लेखी पाठवा, पोच ठेवा. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवरही टाका. १९३० हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, तिथे वेळ घालवू नका.

विद्यार्थ्याचं म्हणाल तर तक्रार अनोळखी अकाउंटवाल्यांविरुद्ध करता येते. पण तपासात त्याचं नाव निघालं तर ते झाकणं आईंच्या हातात नाही, आणि एफआयआर दिल्यावर मनात आलं म्हणून मागेही घेता येत नाही. हे त्यांना आधी सांगा.

उंबरठा: आरक्षणाच्या वादात मी यातून गेले आहे. आईंचा फोन तुम्ही घ्या, त्यांना साधा फोन नव्या नंबराचा द्या. मेसेज त्यांनी वाचायचे नाहीत, तुम्ही किंवा भावंडांनी वाचून जपायचे. पार्सल नाकारा, पण ऑर्डर क्रमांकाचा फोटो काढा. ऑर्डर कुठल्या खात्यावरून गेली हे कंपनी पोलिसांना सांगू शकते. माझ्या वेळी उत्तरं देत बसले, तीच चूक झाली. प्रत्येक उत्तराचा नवा स्क्रीनशॉट होतो.

पाटीपेन्सिल: राग मानू नका, पण वेळ बघून बोलावं माणसाने. त्या आठवड्यात ते वाक्य लिहायची गरज होती का?

धागाकर्ता: पाटीपेन्सिल, हेच मी आईला म्हणालो. ती म्हणाली, "मग कधी लिहायचं? सगळे शांत झाल्यावर?"

कोर्टकचेरी, उंबरठा, फार आभार. अर्ज नव्याने लिहिला. ते तीन मेसेज मी लिहायला बसलो, हात चालेना. शेवटी आईनेच लिहिले, शुद्धलेखन न सुधारता. एसपी ऑफिसची पोच मिळाली आहे.

त्या मुलाला तिने काल मला न सांगता फोन केला. तो म्हणाला, "बाई, मी पूर्ण वाचलंच नव्हतं." ही म्हणाली, चौथीतही तू प्रश्न पूर्ण वाचायचा नाहीस. त्याने पोस्ट काढली. माफी वगैरे मागितली नाही.

आता एकच राहिलं. फेसबुकच्या तक्रार अधिकाऱ्याकडे अर्ज केला, २४ तासांत पोच आली, पण आज उत्तर आलं की पोस्ट नियमांत बसते. सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत जाता येतं असं वाचलं. कापलेल्या वाक्याचा मुद्दा तिथे कुणी मांडला आहे का? अर्ज मराठीत चालतो का? आई इंग्रजीत लिहायला तयार नाही.